एफडब्ल्यू-सीएफजी हेडरचा रिव्ह्यू: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

केव्हीएमवर (लिनक्स कर्नलमधली व्हर्च्युअल मशीनची सोय) चालणाऱ्या आमच्या छोट्या व्हीएमएममध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, फर्मवेअरला (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा कोड) माहिती पोचवायचे आजवर दोनच मार्ग होते. एक सीमॉसचे (पीसीतली सेटिंगची छोटी मेमरी) बाइट, दुसरा मेमरीत ठरावीक पत्त्यावर टाकलेलं आमचंच घरगुती स्ट्रक्चर. दोन्ही आता पुरत नाहीत. ओव्हीएमएफ (व्हर्च्युअल मशीनसाठीचं तयार फर्मवेअर) आहे तसं, एक ओळही न बदलता चालवायचं असेल तर क्यूएमू या प्रसिद्ध व्हीएमएमचं एफडब्ल्यू-सीएफजी हे फर्मवेअरला माहिती पुरवणारं डिव्हाइस द्यावं लागेल, हे गेल्या बैठकीत ठरलं. बायॉसचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याने (पुढे ‘बायॉसवाला’, त्याची हरकत नाही) आज त्याचं सी-मधलं हेडर (फंक्शनांच्या घोषणांची फाइल) पाठवलं. आतला कोड अजून नाही, नुसतं हेडर. मला हा क्रम आवडतो. कोड तयार झाल्यावर हेडरवर बोट ठेवलं की प्रत्येक सूचना लिहिणाऱ्याच्या अंगावर येते, आणि मग चर्चा हेडरची राहत नाही.

डिव्हाइस मुळात साधं. एक सिलेक्टर रजिस्टर, एक डेटा रजिस्टर. गेस्टने (व्हर्च्युअल मशीनच्या आतली सिस्टीम) सिलेक्टरमध्ये १६ बिटांची की लिहायची आणि डेटा रजिस्टर वाचत राहायचं. दर वाचनाला पुढचा बाइट मिळतो. मजकूर संपला की नुसती शून्यं येतात, तक्रार कसलीच नाही. एक्स८६ वर सिलेक्टर पोर्ट ५१०, डेटा पोर्ट ५११. (या नोंदींत पत्ते, पोर्ट आणि की हेक्समध्ये आहेत, बाकी आकडे नेहमीचे.) की ० वर क्यू-ई-एम-यू ही चार अक्षरं मिळाली तर डिव्हाइस आहे असं समजायचं. की १ वर बिटमॅप: पहिला बिट जुन्या पद्धतीचा, दुसरा डीएमएचा (मोठा तुकडा एकदम मेमरीत पोचवण्याची पद्धत). की १९ वर फायलींची यादी, आणि २० पासून पुढे खुद्द फायली.

प्रस्तावातली फंक्शनं मोजकी: इनिट, रीसेट, ॲड-आयटम (की, आकार, डेटा), ॲड-यू३२ (की, आकडा), ॲड-फाइल (नाव, आकार, डेटा), आणि पोर्टचं वाचन-लेखन हाताळणारी जोडी. ॲड-फाइल जमलं तर नव्या फायलीची की परत देतं, नाहीतर उणे एक. डिव्हाइसचं स्ट्रक्चर हेडरमध्येच उघडं लिहिलेलं आहे.

वरवर बरं आहे, लहान आहे. पण दोनदा वाचूनही एक गोष्ट कळली नाही: मी दिलेल्या पॉइंटरचं पुढे काय होतं? कॉमेंटमध्ये ‘फाइल जोडते’ एवढंच. ते नावावरूनच दिसत होतं.

आपलंच काहीतरी सुटसुटीत का करू नये, हा प्रश्न बैठकीत पुन्हा निघालाच. फ्रीबीएसडीच्या बीहाइव्ह या व्हीएमएमने ते करून पाहिलेलं आहे. त्यांचं स्वतःचं डिव्हाइस याच ५१०-५११ पोर्टांवर होतं, ओळखीची अक्षरं बी-एच-वाय-व्ही. पुढे त्यांनी क्यूएमूच्या पद्धतीचंही डिव्हाइस घातलं आणि आता एलपीसीच्या (जुन्या छोट्या डिव्हाइसांची बस) सेटिंगमध्ये दोन्हींपैकी कोणतं हवं ते सांगता येतं. आम्हाला दोन-दोन सांभाळायची हौस नाही.

३ जून

हेडरकडे वळण्याआधी क्यूएमूचा कोड आणि स्पेक शेजारी उघडून बसलो.

कीच्या १६ बिटांपैकी वरचे दोन खास आहेत. ८००० म्हणजे त्या आर्किटेक्चरपुरती की, ४००० हा जुना लिहिण्याचा बिट. उरतात १४. म्हणजे गेस्ट काहीही लिहू शकतो आणि त्यातल्या बहुतेक कींच्या मागे काहीच नसतं. यातच २०१६ ची सीव्हीई १७१४ (सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर यादीतली नोंद) घडली होती. चुकीची की आली की क्यूएमू चालू की म्हणून एफएफएफएफ ठेवत असे. ठीक आहे. पण वाचताना-लिहिताना तीच एफएफएफएफ मास्क लावून ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरली जायची, आणि ॲरे तेवढा मोठा मुळी नव्हताच. गेस्टच्या हातात होस्टच्या मेमरीत हद्दीबाहेर डोकावायची खिडकी आली. दुरुस्ती छोटी होती: की अवैध असेल तर एंट्रीचा पॉइंटरच काढायचा नाही.

हेडरशी याचा संबंध असा, की आमच्या उघड्या स्ट्रक्चरमध्ये ‘चालू की’ आणि ‘चालू ऑफसेट’ ही दोन्ही फील्डं कोणत्याही फाइलमधून वाचता-लिहिता येतात. स्नॅपशॉटचा (चालू व्हीएमची स्थिती फाइलमध्ये साठवण्याचा) कोड तर ती थेट भरणारच, आणि स्नॅपशॉटची फाइल बाहेरून आलेली असते. म्हणजे सिलेक्ट फंक्शनमध्ये कितीही कडक तपासणी ठेवली तरी मागच्या दाराने वाटेल ती की आत येईल. पहिली ठोस मागणी लिहिली: स्ट्रक्चर हेडरमधून काढा, फक्त नावाची घोषणा ठेवा. स्नॅपशॉटसाठी सेव्ह आणि रिस्टोअर अशी दोन फंक्शनं द्या, आणि रिस्टोअरने तीच तपासणी करावी जी सिलेक्ट करतं.

इनिट आतल्या स्टॅटिक व्हेरिएबलवर चालतं, कॉन्टेक्स्ट पॉइंटर घेत नाही. बायॉसवाला म्हणाला, “एका प्रोसेसमध्ये एकच व्हीएम असतं की आपलं.” खरं आहे. पण युनिट टेस्टमध्ये नसतं. क्यूएमूची सगळी फंक्शनं पहिला पॅरामीटर म्हणून स्टेटचा पॉइंटर घेतात, आपणही घेऊ. यावर वाद झाला नाही.

५ जून

आजचा दिवस फक्त त्या पॉइंटरचा.

ॲड-फाइलची सही (नाव आणि पॅरामीटरांची घोषणा) पाहता तिसरा पॅरामीटर ‘व्हॉइड पॉइंटर’. कॉन्स्ट (‘यात लिहिणार नाही’ हे वचन) नाही. म्हणजे डिव्हाइस त्यात लिहूही शकतं, की कॉन्स्ट लिहायचं राहिलं? कॉपी करतं, की पॉइंटर तसाच जपून ठेवतं? जपून ठेवत असेल तर व्हीएम बंद होताना मेमरी कोणी मोकळी करायची? यातलं काहीही सहीवरून कळत नाही, आणि या डिव्हाइसमध्ये तर ते कळायलाच हवं, कारण देणारा आणि वाचणारा एकमेकांच्या वेळेला कधीच हजर नसतात. व्हीएमएम सुरू होताना फाइल जोडली जाते. गेस्टचं फर्मवेअर ती थोड्या वेळाने वाचतं, लिनक्स कर्नल आणखी पुढे, आणि सिसएफएसमधून (कर्नलची माहिती फायलींच्या रूपात दाखवणारं लिनक्समधलं फोल्डर) कोणी रूट यूजर तीच फाइल आठवड्याने वाचेल.

आमच्याच कोडमध्ये कोण कोण हे फंक्शन बोलावणार ते शोधलं. सीपीयूंची संख्या: लोकल व्हेरिएबल, स्टॅकवर. यूजरने कमांड लाइनवर दिलेली स्ट्रिंग: पार्सरच्या बफरमध्ये, जो पार्सिंग संपलं की मोकळा होतो. इनिटआरडी (लिनक्सला बूट होताना लागणारी फायलींची गठडी): एममॅप केलेली, म्हणजे डिस्कवरून थेट मेमरीत जोडलेली मोठी फाइल, तिची कॉपी करणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. आणि एसीपीआय टेबलं (ऑपरेटिंग सिस्टीमला हार्डवेअरची माहिती देणारी): दर रीसेटला नव्याने बांधावी लागतात. चार गिऱ्हाइकं, चौघांची गरज वेगळी, आणि सगळ्यांना मिळून एक व्हॉइड पॉइंटर.

क्यूएमूमध्ये काय आहे? ॲड-बाइट्स आणि ॲड-फाइल तुमचा पॉइंटर तसाच धरून ठेवतात. डेटा जिवंत ठेवणं तुमचं काम. ॲड-स्ट्रिंग आणि आय१६, आय३२, आय६४ ही मंडळी मात्र स्वतःची कॉपी करून घेतात. नियम कॉमेंटमध्ये नीट लिहिलेले आहेत. तरी एकाच हेडरमध्ये दोन नियम, आणि कोणता कुठे हे नावावरून उमगत नाही. इतक्या वर्षांच्या कोडमध्ये ते चालून जातं, कारण नवीन माणूस शेजारची हाक (फंक्शन बोलावणारी ओळ) बघून तशीच लिहितो. आमच्याकडे बघायला शेजारची हाकच नाही.

खात्रीसाठी बायॉसवाल्याच्या हेडरवर बेताचा कोड लिहून पाहिला: पॉइंटर जपून ठेवायचा, एवढंच. सीपीयूंची संख्या स्टॅकवरून दिली. ऑप्टिमायझेशन नसलेल्या बिल्डमध्ये गेस्टला आकडा बरोबर मिळाला. ओ-२ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीला गेस्टला भलतेच सीपीयू दिसू लागले. ॲड्रेस सॅनिटायझरने (मेमरीच्या चुका पकडणारं साधन), स्टॅक-यूज-आफ्टर-रिटर्नचा तपास चालू ठेवल्यावर, थेट ओळ दाखवली. असली चूक रिव्ह्यूत पकडणं कठीण असतं, कारण हाक मारणारी ओळ अगदी निरागस दिसते.

माझी सूचना अशी:

ॲड-फाइल म्हणजे कॉपी. पॅरामीटर कॉन्स्ट. देणारा पुढच्या क्षणी आपली मेमरी मोकळी करू शकतो.

ॲड-फाइल-बॉरोड म्हणजे उसना पॉइंटर. सोबत एक रिलीज कॉलबॅक, जो डिव्हाइस मोडताना एकदाच हाकारला जाईल. नको असेल तर नल. एममॅप केलेल्या इनिटआरडीसाठी हेच, कॉलबॅकमध्ये मनमॅप.

गेस्टला लिहू द्यायच्या फायलींसाठी तिसरं, वेगळं फंक्शन. त्यातच फक्त कॉन्स्ट नसलेला पॉइंटर.

६ जून

बायॉसवाल्याचं उत्तर आलं: “तीन फंक्शनं कशाला? एकच ठेवू, फ्लॅग देऊ, कॉमेंट लिहू.”

कॉमेंट हेडरमध्ये असते, चूक हाकेच्या ओळीवर होते. तिथे वाचणाऱ्याला नाव दिसतं, कॉमेंट नाही. फ्लॅगचं म्हणाल तर शून्य हा फ्लॅग काय अर्थाचा हे पुन्हा कोणीतरी शोधत बसणार. आणि कॉन्स्ट असणं-नसणं फ्लॅगवर ठरवता येत नाही. एकच सही ठेवली तर कॉन्स्ट सोडावाच लागेल आणि कंपायलरची फुकटची मदत जाईल. हा शेवटचा मुद्दा त्याला पटला. बाकीचे दोन पटले असं तो म्हणाला नाही, पण तीन फंक्शनं मान्य झाली.

१० जून

नावाचा पॅरामीटर. सहीत कॅरॅक्टरचा ५६ घटकांचा ॲरे असं लिहिलंय. सी मध्ये पॅरामीटरच्या जागी ॲरे लिहिला तरी तो पॉइंटरच असतो. ५६ हा आकडा भाषेच्या दृष्टीने शोभेचा. बायॉसवाल्याचा हेतू नावाची मर्यादा दाखवण्याचा होता आणि हेतू वाईट नाही. पण त्यावर दुसऱ्या एकाने सुचवलं की मग चौकोनी कंसात स्टॅटिक ५६ लिहू, म्हणजे कंपायलर तपासेल. हे उलट धोक्याचं. सी९९ मधल्या त्या स्टॅटिकचा अर्थ ‘जास्तीत जास्त ५६’ नसून ‘किमान ५६’ असा आहे. ‘बूटऑर्डर’ हे नाव इंग्रजीत ९ अक्षरांचं, शेवटचा नल (स्ट्रिंग संपल्याची खूण) धरून १० बाइट. ते दिलं की वचनभंग, म्हणजे अनडिफाइंड बिहेवियर. साधा कॉन्स्ट कॅर पॉइंटर ठेवा आणि लांबी आत तपासा.

लांबीचं गणितही लिहून ठेवतो. यादीतली एक नोंद ६४ बाइटांची: ४ आकाराचे, २ कीचे, २ राखीव, ५६ नावाचे. नल त्यातच, म्हणून नाव जास्तीत जास्त ५५ बाइट. जास्त लांब नाव आलं तर एरर द्यायची, गुपचूप कापायचं नाही. कापलं तर पहिले ५५ बाइट सारखे असलेली दोन नावं एक होतील आणि गेस्टला त्यातली पहिली मिळेल. आत एसटीआरएनकॉपी वापरू नये हेही लिहिलं. बरोबर ५६ भरले तर ते नल घालत नाही.

ॲड-फाइलमधला आकार यू३२, म्हणजे ३२ बिटांचा आकडा. यादीत आकाराची जागा ३२ बिटांचीच आहे, त्यामुळे हे नैसर्गिक वाटतं. पण हाक मारणाऱ्याच्या हातात साइज-टी (इथे ६४ बिटांचा) असतो, आणि ४ जीबीच्या वरची इनिटआरडी आली की वरचे बिट चुपचाप गळतात. कंपायलर नेहमीच्या सेटिंगला ओरडतही नाही. पॅरामीटर साइज-टी घ्या, आत मर्यादा तपासा, मावत नसेल तर ईएफबीआयजी परत द्या. उणे एक कशालाच देऊ नका. तेच नाव पुन्हा आलं, जागा संपली आणि आकार मोठा ही तीन वेगळी दुखणी आहेत.

११ जून

ॲड-फाइलने की परत द्यावी का? नको, असं माझं ठाम मत झालं आहे.

क्यूएमूमध्ये २.६ पासूनच्या मशीन टाइपमध्ये फायली नावाच्या क्रमाने लावल्या जातात. त्याआधीच्या मशीनसाठी जुना क्रम जपलेला आहे. कारण मायग्रेशन, म्हणजे चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवणं. जोडण्याचा क्रम कोडमध्ये जरा इकडचा तिकडे झाला की तीच फाइल दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या कीवर यायची, आणि गेस्ट नेमका वाचनाच्या मधोमध असताना मायग्रेट झाला तर उरलेला अर्धा भाग भलत्याच फायलीतून. नावाने क्रम लावला की हा प्रश्न सुटतो, पण मग नवी फाइल मध्ये घुसली की पुढच्या सगळ्यांच्या की सरकतात. म्हणजे ॲड-फाइलने दिलेली की पुढच्या ॲड-फाइलपर्यंतच खरी.

गेस्टलाही हेच लागू. एसटी स्टँडवर फलाट नंबर पाठ करून कोणी जात नाही, आधी फलक बघतो. तसं की १९ ची यादी वाचून नाव शोधायचं आणि मग की वापरायची. सीबायॉस (जुन्या बायॉस पद्धतीचं फर्मवेअर), ओव्हीएमएफ, लिनक्सचा ड्रायव्हर तिघंही असंच करतात. मग व्हीएमएमच्या आतल्या कोडला तरी की कशाला हवी? बायॉसवाल्याने कारण सांगितलं: टेस्टमध्ये सोयीचं पडतं. टेस्टने यादी वाचावी. तीही एक टेस्टच झाली.

यादी कधी गोठवायची हा याच्याच पोटातला मुद्दा. पहिला व्हीसीपीयू (गेस्टचा प्रोसेसर) सुरू होण्याआधी ‘सील’ नावाचं एक फंक्शन. त्यानंतर ॲड म्हटलं की ईबीयूएसवाय. क्यूएमूमध्ये असं स्वतंत्र फंक्शन नाही, तिथे मॉडिफाय-फाइल आहे, जे नवा डेटा लावून जुना पॉइंटर परत देतं म्हणजे देणाऱ्याने तो मोकळा करावा. ‘बूटऑर्डर’ रीसेटच्या वेळी तसाच बदलला जातो. आम्हाला आत्ता त्याची गरज नाही. लागेल तेव्हा बघू.

जागांची संख्याही ठरवली. क्यूएमूमध्ये फायलींना आधी १६ जागा होत्या, २.९ पासून ३२. आम्ही ३२ घेतल्या.

१३ जून

एंडियननेस, म्हणजे आकड्याचे बाइट कोणत्या क्रमाने ठेवायचे (लिटल: लहान टोक आधी, बिग: मोठं टोक आधी). थोडक्यात, कारण यात चर्चेला जागा नाही, फक्त पाठांतराला आहे.

पोर्टवरचा सिलेक्टर लिटल एंडियन. एमएमआयओवरचा (पोर्टऐवजी मेमरीच्या पत्त्यांवरून चालणारा) सिलेक्टर बिग एंडियन. (एआरएमच्या व्हर्ट मशीनवर डिव्हाइस ०९०२०००० ला: डेटा सुरुवातीला, सिलेक्टर ८ वर, डीएमए १० वर.) यादीतले सगळे आकडे बिग एंडियन. डीएमएचं स्ट्रक्चर बिग एंडियन. की १ चा बिटमॅप मात्र लिटल. ॲड-आय३२ ने घातलेले आकडेही लिटल. डेटा रजिस्टर यातलं काहीच नाही. ते बाइटांचा क्रम आहे तसा ठेवतं, ८ बाइट एकदम वाचले तरी मेमरीत उतरल्यावर क्रम फायलीतलाच हवा.

हेडरला सूचना एकच: ॲड-यू३२ चं नाव ॲड-एलई३२ करा. नाव बदललं की विचारणारे थांबतील.

१७ जून

एसीपीआयमुळे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जाणारच होता.

टेबलं तीन फायलींतून जातात: आरएसडीपीची (टेबलं कुठे आहेत ते सांगणारा मूळ पॉइंटर), टेबलांची, आणि टेबल-लोडर. तिसरी म्हणजे फर्मवेअरला दिलेली कृती: अमुक फाइल इतक्या अलाइनमेंटवर मेमरीत घे, तमुक जागी तिचा पत्ता जोड, मग चेकसम कर. प्रत्येक आज्ञा १२८ बाइटांची. पत्ते फर्मवेअर ठरवतं, व्हीएमएम नाही.

अडचण वेळेची. टेबलांतल्या काही गोष्टी, विशेषतः पीसीआयच्या पत्त्यांच्या खिडक्या, फर्मवेअरने पीसीआय लावून झाल्यावरच पक्क्या होतात. व्हीएमएम सुरू होताना बांधलेलं टेबल तोवर शिळं झालेलं असतं. ओव्हीएमएफ त्यासाठीच पीसीआयची गणती झाल्यावर ही टेबलं उतरवतं. क्यूएमू काय करतं? त्या तीनपैकी कोणतीही फाइल गेस्टने निवडली की सिलेक्ट कॉलबॅक चालतो आणि टेबलं नव्याने बांधली जातात. पण एकदाच. रीसेटनंतरच्या पहिल्या निवडीला बांधायचं, मग पुढच्या रीसेटपर्यंत हात लावायचा नाही. नाहीतर लोडर एका वेळचा आणि टेबलं दुसऱ्या वेळची, असा घोळ व्हायचा.

आता आकार. फर्मवेअरने यादी आधीच वाचलेली आहे, तिथला आकार त्याच्याकडे आहे. कॉलबॅकने बांधलेलं टेबल त्याहून मोठं निघालं तर शेवटचा तुकडा वाचलाच जाणार नाही. क्यूएमू टेबलांची फाइल १२८ केबीच्या पटीत भरून ठेवतं, म्हणजे थोडी वाढ-घट आकारात दिसत नाही.

हेडरमध्ये कॉलबॅक नव्हताच. बायॉसवाल्याने तो घालून पाठवला, पण प्रत्येक वाचनाला चालणारा, ऑफसेट घेणारा. त्याला तो जास्त लवचीक वाटतो. लवचीकपणाच नडेल. बाइट-बाइट वाचताना मध्येच मजकूर बदलू देणारं इंटरफेस म्हणजे फाटलेला डेटा देण्याची परवानगी. कॉलबॅक सिलेक्टला, एकदा, ऑफसेट शून्यावर असताना. आणि त्याला आकार बदलता येणार नाही, फक्त आतले बाइट. नोंदणी करतानाच कमाल आकार द्यायचा. यावर फोनवर बरंच बोललो. तो शेवटी म्हणाला, “ठीक आहे, पण आकार कमी पडला तर तू उत्तर दे.” कमी पडला तर व्हीएम सुरूच होऊ द्यायचं नाही, हे उत्तर मी लिहून दिलं.

२० जून

पालख्या शहरात आहेत, रस्ते बंद, सगळे घरूनच. डीएमएचा भाग वाचायला निवांत वेळ मिळाला.

पोर्टवरून एकेक बाइट म्हणजे दरवेळी गेस्टमधून बाहेर पडून परत आत. मोठी इनिटआरडी अशी भरताना जीव जातो, म्हणून डीएमए आलं. गेस्ट १६ बाइटांचं स्ट्रक्चर मेमरीत मांडतो: कंट्रोल, लांबी, पत्ता. मग त्याचा पत्ता ५१४ वर लिहितो. ३२-३२ बिटांत लिहिला तर आधी वरचा अर्धा, आणि खालचा अर्धा ५१८ वर पडला की काम सुरू. कंट्रोलमध्ये बिट ० एरर, १ वाचन, २ वगळणे, ३ निवड (की वरच्या १६ बिटांत), ४ लेखन. काम झालं की कंट्रोल शून्य होतं, बिघडलं तर एरर बिट.

हेडरवर टिपा. डीएमएचं फंक्शन गेस्टच्या मेमरीचा थेट पॉइंटर घेतं. ते नको, गेस्टचा पत्ता आणि लांबी द्या, मेमरीत कॉपी करायचं काम आमच्या मेमरी थराचं, तिथेच हद्दीची तपासणी आहे. स्ट्रक्चर गेस्टच्या मेमरीतून एकदाच कॉपी करून घ्यायचं. दोनदा वाचलं तर दुसरा व्हीसीपीयू मधल्या वेळात लांबी बदलू शकतो. लेखन अर्धवट चालवायचं नाही: फाइल लिहिण्याजोगी नसेल किंवा मागितलेली लांबी मावत नसेल तर काहीच न लिहिता एरर. वाचनात उलट, फाइल संपली की पुढे शून्यं भरायची. लांबी ३२ बिटांची असल्यामुळे गेस्ट पोर्टवरच्या एका लेखनात जवळजवळ ४ जीबी शून्यं मागू शकतो, आणि तोवर आमचा थ्रेड अडकून. त्यात नुकसान त्या गेस्टचंच, पण कुलूप धरून बसलो तर मॉनिटरवरून व्हीएमएमला दिलेली आज्ञाही थांबेल. शून्यं भरणं तुकड्यांत करा, मध्ये कुलूप सोडा.

जुन्या डेटा रजिस्टरवर लिहिणं क्यूएमूने २.४ पासून दुर्लक्षित केलं आणि २.९ मध्ये लेखन परत आलं ते फक्त डीएमएतून. आम्ही तेच ठेवलं.

२४ जून

हेडरची दुसरी आवृत्ती आली. स्ट्रक्चर लपलं आहे. तीन ॲड, एक सील, सिलेक्ट कॉलबॅकची वेगळी नोंदणी, सेव्ह-रिस्टोअर. प्रत्येक फंक्शनवर कोण कशाचा मालक हे एका ओळीत. रिलीज कॉलबॅक एरर आल्यावर हाकारायचा की नाही, हे मात्र सुटलं होतं. मी ‘नाही’ म्हटलं: ॲड फसलं तर मालकी कधी डिव्हाइसकडे गेलीच नाही. बायॉसवाल्याला ‘हो’ हवं होतं, म्हणजे हाकेच्या जागी सफाईच्या ओळी कमी. दोन्ही चालतात, फक्त कुठलं ते लिहायला हवं. बाकीच्या कोडमध्ये ‘नाही’ची पद्धत आहे म्हणून तेच.

२६ जून

थ्रेड. चालू की आणि ऑफसेट ही जोडी साऱ्या डिव्हाइसला एकच. दोन व्हीसीपीयूंनी एकाच वेळी सिलेक्टर लिहिला तर आमच्या कुलपाने मेमरी शाबूत राहील, पण गेस्टला मिळणारा मजकूर गोंधळलेला असेल. ते सोडवणं गेस्टचं काम आहे. लिनक्सचा ड्रायव्हर स्वतःचं म्युटेक्स (कुलूप) धरतो, आणि फर्मवेअरचा एएमएल (एसीपीआय टेबलांतला) कोडही याच डिव्हाइसला हात लावू शकतो म्हणून एसीपीआयचं ग्लोबल लॉकही घेतो. हेडरमध्ये एवढंच लिहिलं: गेस्टकडून येणारी फंक्शनं कोणत्याही थ्रेडवरून चालतील, ॲड आणि सील फक्त मुख्य थ्रेडवरून.

सीबायॉस चढलं. ओव्हीएमएफ चढलं. लिनक्समध्ये सिसएफएसच्या फर्मवेअर फोल्डरात क्यूएमू-एफडब्ल्यू-सीएफजी दिसलं, त्यात नावानुसार एक झाड, कीनुसार एक. ऑप्ट (यूजरच्या फायलींच्या नावाचा उपसर्ग) याखाली दिलेली आमची स्ट्रिंग ‘रॉ’ फायलीत बाइटला बाइट जुळली. शेवटी नल नव्हता, आणि तेच बरोबर: क्यूएमूतही कमांड लाइनवरून दिलेल्या स्ट्रिंगला नल लागत नाही, ॲड-स्ट्रिंगने घातलेल्याला लागतो. यूजरच्या फायली ऑप्टखालीच, नावात उलटं डोमेन, बाहेर टाकली तर ताकीद; हा संकेतही जसाच्या तसा घेतला.

३० जून

हेडर मुख्य शाखेत गेलं, मागून कोड. ओ-२ वर सीपीयूंची संख्या बरोबर येते. सॅनिटायझर गप्प.

रॅमएफबीला (गेस्टच्या मेमरीतून चालणारा साधा डिस्प्ले) लागणारी, गेस्टने लिहायची फाइल अजून कोणी वापरलेली नाही. तिसऱ्या ॲड-फंक्शनला एकही गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक येईपर्यंत ते हेडरमधून काढून ठेवावं असं मी सुचवलं, सही ठरलेली आहे, परत घालायला वेळ लागणार नाही. बायॉसवाला म्हणतो रॅमएफबी पुढच्याच महिन्यात घेतोय, मग काढता कशाला. ठेवलं.